हमीचा हप्ता कोण भरतो?

अग्रलेखाच्या पानावर सायकलच्या फ्रीव्हीलची कथा सांगणे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. देशापुढे बेकारी, महागाई आणि शेतमालाचे भाव असे प्रश्न उभे असताना दोनशे चाळीस रुपयांच्या एका सुट्या भागासाठी इतका कागद का खर्ची घालावा, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि मोठ्या बाजाराचे नियम छोट्या व्यवहारांत जितके उघडे दिसतात तितके मोठ्या व्यवहारांत दिसत नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा वर्गातील अनुभव आहे. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. ज्या वस्तूवर एवढी माणसे शाळेत, कामावर आणि बाजारात जातात, तिच्या सुट्या भागाला दिलेली हमी खरी की खोटी, हा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही.

हकीकत अशी. वयाच्या चाळिशीत रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी सकाळी सायकल चालवण्याचा सल्ला दिला. घरात जुनी सायकल होती. शहरातील एका मोठ्या दुकानातून तिच्यासाठी नवी चेन आणि नवे फ्रीव्हील आणले, सक्करदऱ्यातील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडून ते बसवून घेतले, आणि सक्करदरा तलावाकडून उमरेड मार्गापर्यंत जाऊन परत येण्याचा क्रम सुरू झाला. आठवड्यातून चार दिवस, दर खेपेस चार किलोमीटर. चार महिन्यांत हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आतच भरते. फ्रीव्हीलबरोबर मिळालेल्या कार्डावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली होती. चौथा महिना संपता संपता एके दिवशी पेडल नुसतेच फिरू लागले. चेन फिरत होती, फ्रीव्हीलचे दातही फिरत होते, चाक मात्र जागचे हलत नव्हते. गाडी हाताने ढकलत मिस्त्रींच्या दुकानापर्यंत आणली.

मिस्त्रींनी निदान एका वाक्यात सांगितले : "सर, याचं कुत्रं फेल झालं." फ्रीव्हीलच्या पोटात दोन लहान खिट्या असतात. बारीक स्प्रिंगच्या जोराने त्या आतल्या दात्यांत अडकतात, म्हणून पेडल मारले की चाक ओढले जाते. पाय थांबवला की त्याच खिट्या दात्यांवरून घसरतात आणि ओळखीचा कटकट आवाज येतो. या खिट्यांनाच कारागीर मंडळी कुत्री म्हणतात. स्प्रिंग तुटली किंवा खिटी कच्च्या पोलादाची निघाली तर कुत्रे पकडत नाही. अर्थात धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसनेही ते चिकटून बसू शकते. म्हणून मिस्त्रींनी आधी डिझेल घालून ते धुतले, फिरवून पाहिले, पुन्हा धुतले. उपयोग झाला नाही. दोष आतलाच होता.

यानंतर त्यांनी जे केले ते मला एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेइतके शास्त्रशुद्ध वाटले. त्यांनी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतील फूटपट्टी मागवली. सायकलच्या चेनची एक कडी मापाने अर्धा इंच असते. नव्या चेनच्या चोवीस कड्या ताणून धरल्या की बरोबर बारा इंच भरतात. चेन झिजली की हेच अंतर वाढत जाते. ते एक अष्टमांश इंचाने वाढले की चेन बदलावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. माझ्या चेनच्या चोवीस कड्या फूटपट्टीच्या दोन टोकांमध्ये नेमक्या बसल्या. मग त्यांनी फ्रीव्हीलचे दात दाखवले. जास्त चाललेल्या फ्रीव्हीलचे दात एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकतात. "हे दात पाहा न, कोरेच हायेत. हे चाललंच कुठं?" वापर हलका होता, याचा पुरावा वस्तूच्याच अंगावर लिहिलेला होता, वाचणारा मात्र हवा होता.

दुकानात तो वाचणारा भेटला नाही. पहिल्या खेपेस सांगण्यात आले की, कंपनीचा प्रतिनिधी महिन्यातून एकदाच येतो. दुसऱ्या खेपेस प्रतिनिधी भेटले. त्यांनी तीन मुद्दे मांडले : भाग आमच्या दुकानात बसवलेला नाही, झीज वॉरंटीत येत नाही, आणि गाडीवर जास्त वजन घातले नसेल कशावरून? मी दात दाखवले, फूटपट्टीची गोष्ट सांगितली. त्यावर ते म्हणाले की, दोष आत आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि भाग उघडला तर कार्डावरील अटीप्रमाणे वॉरंटी रद्द होते. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही हेवा वाटावा असा हा पेच होता. दोष सिद्ध करायचा तर वस्तू उघडली पाहिजे, आणि वस्तू उघडली तर दोष सिद्ध करण्याचा अधिकारच उरत नाही.

तिसऱ्या खेपेस मी लेखी अर्ज, बिलाची प्रत आणि छायाचित्रे देऊन पोच मागितली. ती मिळाली नाही, म्हणून तोच मजकूर स्पीड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर धाडला. एव्हाना तीन फेऱ्यांचे ऑटोभाडे तीनशेच्या वर गेले होते आणि अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा खर्ची पडली होती. दोनशे चाळीस रुपयांसाठी कोणता शहाणा माणूस एवढे करील? माझ्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यात त्यांचे काहीच चुकले नाही. कारण वॉरंटीचे सारे अर्थशास्त्र याच प्रश्नात दडलेले आहे.

हमी ही एक खूण आहे

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'द मार्केट फॉर लेमन्स' हा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या बोलीत बिघडलेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. वस्तू कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा संशयाने सरसकट कमी भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही. चांगला माल बाजारातून निघून जातो आणि लिंबेच उरतात. काही नियतकालिकांनी आधी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याच्या ज्या वाटा अकरलॉफने नोंदवल्या, त्यांत हमी ही एक प्रमुख वाट होती.

यामागचा विचार सरळ आहे. ज्याचा माल पक्का आहे त्याला सहा महिन्यांची हमी देणे स्वस्त पडते, कारण परत येणारे नग थोडे. ज्याचा माल कच्चा त्याला तीच हमी महाग पडते. म्हणून हमीची मुदत पाहून ग्राहकाने मालाची प्रत ओळखावी. परंतु या साऱ्या विचारात एक गृहीतक आहे, आणि ते म्हणजे दावा केला की तो मानला जातो. दावा करणेच इतके महाग करून ठेवले की शंभरातले नव्वद लोक तो करणारच नाहीत, तर कच्च्या मालाच्या उत्पादकालाही हमी छापायला काही खर्च येत नाही. मग कार्डावरचे सहा महिने आणि बारा महिने यांत छपाईच्या शाईखेरीज फरक उरत नाही. तात्पर्य, हमीची खरी किंमत तिच्या मुदतीत नसते. ती दाव्याच्या सुलभतेत असते.

पूर्वी ही सुलभता व्यवहाराच्या रचनेतच होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि मराठी माणसाच्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात त्या दुकानातून झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. अशा दुकानात विकणारा आणि दुरुस्त करणारा समोरासमोर असे. गिऱ्हाइकाची गाडी कशी चालते हे त्याला ठाऊक असे. आज भाग एका शहरात तयार होतो, दुसऱ्या ठिकाणी विकला जातो आणि तिसऱ्या ठिकाणी बसवला जातो. वस्तू ओळखणारा मिस्त्री हमीच्या साखळीबाहेर आहे, आणि हमीवर निर्णय देणारा प्रतिनिधी वस्तू ओळखत नाही. दुकानदारालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. दोनशे चाळीसच्या विक्रीत त्याच्या पदरी पडणार किती? परत आलेल्या नगाचे पैसे कंपनीकडून वेळेवर मिळतील याची त्याला शाश्वती नसली, तर जोखीम आपल्या अंगावरून खालच्या पायरीवर ढकलणे एवढेच त्याच्या हाती उरते.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असे नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातच विक्रेय वस्तूच्या गुणवत्तेविषयीच्या गर्भित अटी आहेत. परंतु तो दिवाणी न्यायालयाचा मार्ग; सुट्या भागासाठी तो कोण चोखाळणार? ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार महाराष्ट्रात लवकर रुजला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या नव्या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक नोकरदाराने आणि विद्यार्थ्याने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे त्याला तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. निवाडा सामान्यतः शपथपत्र आणि कागदपत्रे पाहून होतो. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितलीच नसेल तर तीस दिवसांच्या आत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. तेव्हा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलावर छापली जाणारी ओळ सदोष मालाच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही. आयोगाची पायरी चढण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याची सोयही आहे.

असे असूनही दोनशे चाळीस रुपयांची तक्रार आयोगापुढे सहसा का जात नाही? कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांची. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे. सक्करदऱ्याहून सिव्हिल लाइन्सपर्यंतचे हेलपाटे, किंवा घरबसल्या तक्रार भरायची तर कागदपत्रांची जुळवाजुळव, यांत जाणारा वेळ वेगळाच. शुल्क शून्य असले म्हणजे खर्च शून्य होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागते. म्हणून ग्राहक गप्प बसतो. प्रत्येकाचे गप्प बसणे शहाणपणाचे असते, आणि सर्वांचे मिळून होणारे मौन मात्र कच्च्या मालाला दिलेले अभयदान ठरते.

जड वापराचा गुन्हा

इथवरची कथा मध्यमवर्गीय माणसाच्या गैरसोयीची आहे. तिला दुसरी बाजू आहे, आणि ती मला मिस्त्रींच्या दुकानातील बाकावर बसून कळली. माझे काम चालू असताना एक भाजीविक्रेता आपली गाडी घेऊन आला. पहाटे कॉटन मार्केटमधून माल उचलायचा, आमच्या वस्त्यांतून फिरून विकायचा आणि बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात बसायचे, असा त्याचा क्रम. दिवसाला वीस किलोमीटर, आणि मागच्या कॅरियरवर भाजीची पोती. त्याचेही फ्रीव्हील त्याच दुकानातले, त्याच छापाचे. ते दोन महिन्यांत गेले होते. दुकानात त्याला एका वाक्यात परत पाठवले होते : 'माल वाहता ना? मग वॉरंटी नाही.' बिल त्याच्याजवळ नव्हते. मी विचारले तेव्हा तो हसला. "आमाले कोण देते बिल, सर?"

घरी येऊन मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. मी चार महिन्यांत जेवढे अंतर कापले तेवढे हा माणूस दोन आठवड्यांत कापतो. सहा महिन्यांच्या वॉरंटीत माझे चारशे किलोमीटर जेमतेम होतात. त्याचे छत्तीसशे होतात. म्हणजे एकच छापील हमी दोघांना दोन वेगळ्या वस्तू विकते. वॉरंटी हा एक प्रकारचा विमाच आहे, आणि त्याचा हप्ता वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो. दोनशे चाळीस रुपयांत तो मीही भरला आणि भाजीविक्रेत्यानेही भरला. ज्याची जोखीम जास्त त्याला विमा महाग पडावा, हा युक्तिवाद एक वेळ समजू शकतो. पण येथे तसेही होत नाही. त्याच्याकडून हप्ता माझ्याइतकाच घेतला जातो आणि 'जड वापर' या दोन शब्दांनी त्याचे संरक्षण काढून घेतले जाते. उरलेले संरक्षण कोणाला मिळते? ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस तलावापर्यंत फिरून येते त्याला; ज्याच्याजवळ बिल जपून ठेवायला कपाट आहे, अर्ज लिहायला भाषा आहे आणि रजा टाकायला नोकरी आहे त्याला. स्पष्टच सांगायचे तर माझ्या वॉरंटीचा हप्ता तो भाजीविक्रेता भरतो आहे.

कायद्याने या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठीच जो वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच आहे, असा खुलासा त्याच व्याख्येला जोडलेला आहे. भाजीविक्रेता, दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा हे सारे त्यात बसतात. 'तुम्ही धंद्यासाठी वापरता' एवढ्यावर त्यांना ग्राहकपणातून बाद करता येत नाही. सायकल ही ओझे वाहण्यासाठीही वापरली जाते, हे या देशात ती विकणाऱ्याला नव्याने कळायचे आहे काय? अवाजवी भार कोणता आणि रोजचा वाजवी भार कोणता, हे कार्डावर किलोग्रॅममध्ये छापावे. आकडा न छापता मागाहून 'जड' हा शब्द वापरणे म्हणजे मापाशिवाय तराजू धरण्यासारखे आहे.

ग्राहकाचेही कर्तव्य

येथे एका अप्रिय गोष्टीचाही उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल. दुकानदाराचा संशय हवेतून आलेला नाही. पावसात रात्रंदिवस उभी ठेवलेली गाडी 'घरातच होती' म्हणून सांगणारे, दुसऱ्याचे बिल घेऊन येणारे, मुदत संपल्यावर तारखेवर पेन फिरवणारे ग्राहक आपल्यातच आहेत. त्यांत शिकलेली माणसेही कमी नाहीत. मलाही एका स्नेह्याने सुचवले होते की, चार महिने कशाला लिहिता, दोनच लिहा, लवकर काम होईल. खोटा दावा दुकानदाराला लुबाडतोच; त्याहून अधिक तो पुढच्या खऱ्या दावेदाराला लुबाडतो. कारण प्रत्येक लबाडीनंतर एक नवी अट कार्डावर छापली जाते, आणि ती अट लबाड माणसाला कधीच अडवत नाही. ती अडाण्याला अडवते.

मग करावे काय? तीन गोष्टी फारशा खर्चाशिवाय होऊ शकतील. पहिली, बिल. दोनशे रुपयांच्या वस्तूचेही बिल मागणे यात लाजण्यासारखे काही नाही. आपण मागू लागलो की न मागणाऱ्यालाही ते देण्याची सवय दुकानाला लागेल. दुसरी, मिस्त्रीची साक्ष. भाग बसवणाऱ्या कारागिराने तारीख, भागाचे नाव आणि चेनचे माप लिहून सही केली, तर तो कागद वापराचा अंदाज देणारा चांगला पुरावा होऊ शकतो. कंपन्यांनी अशा स्थानिक कारागिरांचा अभिप्राय ग्राह्य धरावा. नाहीतरी त्यांच्या मालाची खरी परीक्षा त्याच बाकावर होत असते. तिसरी, सामुदायिक तक्रार. एकाच दोषाने ग्रासलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकाला तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही ती करता येते. दोनशे चाळीस रुपयांसाठी भांडणे परवडत नाही, पण दोनशे चाळीस रुपयांच्या शंभर दाव्यांसाठी एकाने अर्ज लिहिणे नक्कीच परवडते. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी झाडे लावावीत, रस्ते झाडावेत, त्याबरोबर आपल्या वस्तीतील दोन-चार मिस्त्रींच्या दुकानांत बसून असे अर्जही लिहून द्यावेत. ग्राहक हक्कांवरील प्रश्नपत्रिका सोडवण्यापेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळेल.

माझ्या दाव्याचे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेल. पत्र पाठवल्यानंतर सव्विसाव्या दिवशी कंपनीकडून नवे फ्रीव्हील दुकानात आले. सोबतच्या पत्रात 'सद्भावना म्हणून' हा शब्दप्रयोग होता. दोष मान्य केल्याचा उल्लेख कोठेही नव्हता. ते आणण्यासाठी चौथी फेरी झाली. मिस्त्रींनी ते बसवले, चाक फिरवून कटकट ऐकली आणि हात पुसत सहज विचारले : "सर, तुमच्या त्या चिठ्ठीत त्या भाजीवाल्याचंही लिहिता आलं नसतं का?" मी कायद्याचे उत्तर दिले : बिल नव्हते. ते देताना मला बरे वाटले नाही.

भाजीविक्रेत्याला मिस्त्रींनी खरेदीच्या भावात दुसरे फ्रीव्हील बसवून दिले होते आणि पैसे तो आठवड्याला थोडे थोडे करून फेडत होता. म्हणजे ज्या हमीचे पैसे कंपनीने किमतीतच घेतले होते, ती हमी शेवटी सक्करदऱ्यातील एका कारागिराने आपल्या नफ्यातून पाळली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक व्यवस्था केली आहे. दुकानात आता दोनशे पानांची एक वही आहे. तीत गिऱ्हाइकाचे नाव, भाग, तारीख, दुकान, बिल आहे किंवा नाही, आणि बसवतानाचे चेनचे माप लिहिले जाते. अक्षर बहुधा माझ्या मुलीचे असते, माप मिस्त्रींचे. एकाच छापाची पाच-सहा फ्रीव्हीले मुदतीच्या आत परत आली की त्या वहीच्या आधारे एकत्रित अर्ज करायचा, असे ठरले आहे. पहिली नोंद त्या भाजीविक्रेत्याची आहे. बिलाच्या रकान्यात 'मागितले, दिले नाही' असे लिहिले आहे.